बडासाबांची राहिलेली सहल

ज्या माणसाबरोबर पुढे मी चार दिवस वाळवंट तुडवलं, त्याला पहिल्या भेटीत मी लिफ्टवाला समजून झापलं होतं.

दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची गोष्ट. माझं ऑफिस बदललं म्हणून आम्ही सिंगापूरमधलं बुओना व्हिस्टा सोडून तिथल्याच यिशुनला एका ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर राहायला गेलो. तिथली लिफ्ट नववा मजला आला की कण्हायची. एका शनिवारी मी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन खाली आलो, तर लिफ्टच्या दाराशी अंगभर एकसलग निळा बॉयलर सूट घातलेला एक साठी उलटलेला माणूस उभा. हातात फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक दाराच्या चौकटीला टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. मला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला, कारण तक्रार करून तीन आठवडे झाले होते. मी त्याला माझ्या मीटिंगमधल्या इंग्रजीत सुनावलं. इथे वयस्कर माणसं राहतात, लहान मुलं राहतात, तुमच्या साहेबाचा फोन नंबर द्या, वगैरे. त्याने डोळे उघडले नाहीत. छाती तपासताना डॉक्टर नातेवाइकांना गप्प करतात तसा फक्त एक हात वर केला. मग खिशातून वही काढली, माझी तक्रार तारीख-वेळ घालून लिहून घेतली, आणि लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाला, "वरचं बेअरिंग गेलंय. ह्याचा आवाज मात्र त्याच्यापेक्षा मोठा आहे."

हे मराठीत. मी मराठीतच सॉरी म्हणालो. सॉरीला मराठीत चांगला शब्द आहे, पण तो अशा वेळी आठवत नाही.

ते आमच्याच खालच्या मजल्यावर राहत होते. पस्तीस वर्षं जहाजांवर काढलेली, त्यातली बरीच चीफ इंजिनियर म्हणून. शेवटची काही वर्षं सिंगापूरच्याच एका कंपनीत जहाजांची देखभाल बघत होते, आणि निवृत्त होऊन यिशुनलाच राहिले होते. आपल्याकडचे खलाशी चीफ इंजिनियरला 'बडासाब' म्हणतात. मी सवयीने 'काका' म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "काका मी फक्त माझ्या पुतण्यांचा." मग आम्हीही बडासाब म्हणू लागलो. लिफ्ट कशी दुरुस्त करावी याबद्दल त्यांनी ब्लॉकची देखभाल करणाऱ्यांना आकृतीसकट दोन पानी पत्र लिहिलं आणि ती खरोखरच दुरुस्त झाली. यंत्रांच्या मॅन्युअलखेरीज ते दुसरं काही वाचत नाहीत, म्हणून तर हे सगळं लिहायचं धाडस करतोय.

बॉयलर सूट त्यांच्याकडे चार होते, चारही इस्त्रीचे. त्यातला एक लग्नाकार्याला घालण्याचा. कुठेही गेले तरी आधी तिथल्या यंत्रांची राउंड घ्यायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी "या, बसा" म्हणेपर्यंत ते स्वयंपाकघरात फ्रिजला हाताची मागची बाजू लावून उभे होते. तळहात कधी लावायचा नाही, म्हणाले. शॉक बसला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. उलटा हात लावला तर तो झटक्याने मागे येतो. मग म्हणाले, "मागे धूळ साठलीय." बायकोने फ्रिज सरकवला. मागे धूळ होती, आणि गेल्या महिन्यात हरवलेला माझा ऑफिसचा पासही होता. बायकोने विचारलं, किती महिन्यांनी काढायची ही धूळ? बडासाब तिच्याकडे वळले आणि त्यांनी तिला तिथल्या तिथे सेकंड इंजिनियर करून टाकलं. मी त्या वेळी पास सापडल्याच्या आनंदात होतो, त्यामुळे मला फोर्थ केलं. फोर्थ म्हणजे जहाजावरचा सगळ्यात धाकटा इंजिनियर. त्याच्या वाट्याला पंप येतात आणि बोलणी येतात. आमची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती मला म्हणाली, "बाबा, यू आर द मोस्ट ज्युनियर, लाह." घरात हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, आता फक्त हुद्दा मिळाला.

त्यांची ओळख करून घ्यायची रीत वेगळी होती. ते कोणाला नाव विचारायचे नाहीत. 'कसे आहात' तर कधीच नाही. जहाजावर सकाळी 'ऑल ओके सर' म्हणणारा फोर्थ एक तर झोपलेला असतो नाहीतर खोटं बोलत असतो, असं त्यांचं मत. म्हणून ते सरळ विचारायचे, "व्हॉट इज नॉट वर्किंग?" आम्ही काही जण दर रविवारी त्यांच्याबरोबर मॅकरिचीच्या जंगलात चालायला जायचो; त्या वाटेवर बाकावर टेकलेला कोणीही अनोळखी माणूस दिसला की त्याच्या शेजारी बसणार, शेंगदाण्याचा एक लाडू पुढे करणार आणि हे विचारणार. नवल असं की माणसं सांगायची. एक चिनी आजोबा पहिल्यांदा म्हणाले, गुडघा. अर्धा लाडू खाल्ल्यावर म्हणाले, भाऊ. सात वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. पुढच्या रविवारी ते त्याच बाकावर आम्हा सगळ्यांसाठी सोयाचं दूध घेऊन वाट बघत होते. बडासाबांनी दूध घेतलं आणि आधी गुडघ्याची चौकशी केली.

मला ही युक्ती फार आवडली. सोमवारी ऑफिसात मी आमच्या मॅनेजरला हसतमुखाने तोच प्रश्न विचारला. दुपारपर्यंत त्याने मला चौदा गोष्टींची यादी पाठवली.

हे मॅकरिचीचं चालणं म्हणजे तयारी होती. बडासाबांना जॉर्डनच्या वाळवंटातून चालत पेट्राला जायचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी डोंगर कोरून वसवलेलं ते शहर, आता ओसाड. चार दिवसांची वाट, रात्री तंबूत. ब्लॉकच्या नोटीस बोर्डावर त्यांनी कागद लावला आणि आम्ही नऊ जण जमलो. मी का जमलो ते मला अजून कळलेलं नाही. बायकोने नाव दिलं होतं.

पेट्राच का, ते त्यांनी एका रविवारी चालता चालता सांगितलं. अकाबा हे जॉर्डनचं एकुलतं एक बंदर. बडासाबांचं जहाज तिथे अकरा वेळा लागलं, पण इंजिनरूममधल्या माणसाला बंदर म्हणजे कामाचा दिवस. इंजिन थांबलं की ते उघडायचं. त्यातल्या एका खेपेला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यांच्याबरोबर होत्या. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अधिकाऱ्यांच्या बायका तेव्हा अधूनमधून सफरीवर यायच्या. जहाजातून गहू उतरवला जात होता. कॅप्टनने सुट्टीवरच्या मंडळींसाठी पेट्राला जायला गाडी ठरवली. काकू तयार होऊन बसल्या, आणि बडासाबांनी जनरेटरचा पिस्टन बाहेर काढलेला. त्यांनी खालून निरोप पाठवला, मला जमत नाही, तू सगळ्यांबरोबर जा.

"संध्याकाळी वर आलो तर ही केबिनमध्येच," बडासाब म्हणाले. "खिडकीशी विणत बसलेली. म्हणाली, तुम्ही नव्हता, मग काय जायचं. एवढंच. त्याच रात्री जहाज सुटलं. बावीस वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही हो तिने. बोलली असती तर बरं झालं असतं."

त्या दिवसापासून हा माणूस सरळ झाला, असं त्यांचं त्यांनीच सांगितलं. रोज सकाळचा चहा ते करतात. पुढे सफरी सोडून सिंगापूरची किनाऱ्यावरची नोकरी धरली तीही त्यामुळेच. थालीपीठ शिकले. तिच्या भावांशी नीट बोलायला शिकले, आणि ते थालीपिठापेक्षा अवघड गेलं. एवढं करूनही ती सहल राहिली ती राहिलीच. आता गुडघे आहेत तोवर तिला पेट्रा दाखवायचं, आणि तेही गाडीतून उतरून फोटो काढून नाही. गाडीने तर तेव्हाही जाता आलं असतं, म्हणाले. चालत गेलो तर काहीतरी केल्यासारखं होईल.

तयारी म्हणजे रजिस्टर आलंच. यंत्र किती तास चाललं ते जहाजावर लिहून ठेवतात, त्यावरून ते कधी उघडायचं ते ठरतं. बडासाबांनी आमच्या प्रत्येकाच्या बुटांचे आणि गुडघ्यांचे तास लिहायला सुरुवात केली. यिशुनच्या आसपास डोंगर नाही, म्हणून ब्लॉकचे बारा मजले पायऱ्यांनी चढायचे आणि लिफ्टने उतरायचं. वाळूची सवय व्हावी म्हणून पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारायच्या. सिंगापूरच्या घामात वाळवंटाची तयारी करणं म्हणजे तळ्यात उभं राहून दुष्काळाची तालीम करणं, पण हे बोलायची फोर्थला मुभा नव्हती. नऊ जणांचे सहा झाले, सहाचे चार, आणि शेवटी बडासाब, मी आणि बायको उरलो. मी उरलो कारण सेकंड इंजिनियर आमच्याच घरात राहत होती.

रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या वर एक ओळ कोरी होती. ती काकूंची. आठ महिने ती कोरीच राहिली. मला वाटायचं काकू नकार देत असणार. मनात अढी असणार, आणि का असू नये. एक दिवस बायको काकूंचा डबा परत द्यायला खाली गेली, मीही गेलो होतो. बडासाब किटलीच्या आतला थर खरवडत होते. बायकोने सहज विचारलं, "काकू, तुम्ही येताय ना पेट्राला?"

"येते की," काकू म्हणाल्या. "मला कोणी विचारलंच नाही."

बडासाब किटली हातात धरून तसेच उभे राहिले. आठ महिन्यांत त्यांनी नकाशे आणले होते, तिच्या मापाचे बूट आणले होते, तिच्यासमोर तासन्‌तास बेत केले होते, पण विचारलं नव्हतं. नाही म्हणाली तर काय, हा विचार करत राहिले असणार. मग त्यांनी रजिस्टर आणलं आणि गंभीरपणे विचारलं, सराव काय आहे तुझा? काकू म्हणाल्या, रोज सकाळी ब्लॉकमधल्या बायकांबरोबर यिशुनच्या तळ्याला पाच फेऱ्या. चार वर्षं झाली. बडासाबांचा समज असा होता की चहा झाल्यावर ती भाजी आणायला जाते. त्यांनी तिथेच बसून हिशेब मांडला. काकू एकट्या आम्हा तिघांच्या तासांच्या बेरजेच्या पुढे होत्या.

डिसेंबरच्या सुट्टीत निघालो. मुलीला सांभाळायला सासूबाई पुण्याहून आल्या. त्या मला म्हणाल्या, जपून जा हो, आणि मग मुलीला म्हणाल्या, बाबांना जमेल ना गं.

पहिला दिवस सगळा उताराचा. डोंगरमाथ्यावरच्या एका जुन्या गावातून दरीत उतरत गेलो ते संध्याकाळी सपाटीला लागलो. आमचा वाटाड्या तिथलाच बेदुइन, वाळवंटातला अरब, चाळिशीचा, हसरा. त्याचा मेहुणा आमचं सामान एका जुन्या पिकअपमधून वळसा घेऊन मुक्कामावर आणायचा. त्या सपाटीवर पडक्या भिंती होत्या आणि काळ्या दगडांचे ढीगच्या ढीग. वाटाड्या म्हणाला, हे दगड नव्हेत. हजारो वर्षांपूर्वी इथे तांबं गाळायचे, त्याची ही मळी. बडासाबांनी एक ढेकूळ उचललं, उलटंपालटं केलं, वास घेतला आणि मला म्हणाले, "फोर्थ, भट्टी चांगली तापवायचे बरं का हे लोक." कोणीतरी गेल्या आठवड्यातच काम संपवून गेल्यासारखं. नंतर ते बराच वेळ त्या ढिगांमध्ये एकटेच फिरत होते, हात मागे बांधून, इंजिनरूममध्ये फिरावं तसे.

पुढेही तसंच. आम्ही कोरलेल्या खांबांचे आणि थडग्यांचे फोटो काढत असायचो आणि बडासाब पालथे पडून कड्यात खोदलेल्या पन्हळीला डोळा लावून बसलेले. पावसाचं पाणी गावापर्यंत न्यायला त्या लोकांनी मैल मैल अशा पन्हळी खोदल्या होत्या. एके ठिकाणी त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पन्हळीत ओतलं. वाटाड्या चिडला. वाळवंटात पाणी ओततं का कोणी. पण पाणी निघालं, न थांबता, न सांडता, वळण घेऊन दिसेनासं झालं, तेव्हा तोही शेजारी पालथा पडला. बडासाब म्हणाले, दोन हजार वर्षं झाली आणि उतार एक केस चुकलेला नाही. जन्मभर त्याच भागात राहिलेल्या माणसाने ते पहिल्यांदाच पाहिलं होतं. तेव्हापासून तो आम्हाला थडगी दाखवायचा आणि बडासाबांना पन्हळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक गोरी बाई एक बूट काढून दगडावर बसलेली दिसली. साठीच्या आतबाहेरची, एकटी. बडासाब शेजारी बसले, लाडू काढला, प्रश्न विचारला. बाई म्हणाली, ब्रेक. ती लिस्बनची, तीस वर्षं ट्राम चालवून नुकतीच निवृत्त झालेली. चढाला काही वाटत नाही, म्हणाली, पण उतारावर स्वतःच्या पायांचा भरवसा वाटत नाही. तो भरवसा तिला आयुष्यभर ट्रामचा होता. बडासाबांचा चेहरा असा खुलला की काकू बायकोला म्हणाल्या, "झालं. आता आपण पाच." तिच्या ट्रामला कुठल्या जातीचे ब्रेक होते यावर त्या दोघांचं दोन तास चाललं. मग ती काकूंबरोबर चालू लागली. ती पोर्तुगीजमध्ये बोलायची आणि काकू मराठीत. चिवडा दोघी एकाच पुडीतून खायच्या. नाव आम्ही कोणी विचारलं नाही. ती आमची ट्रामबाई.

माझं सांगायचं तर माझ्या दोन्ही टाचांना पहिल्याच दिवशी फोड आले होते. बडासाबांनी बूट तपासून रजिस्टरमध्ये शेरा लिहिला की बुटांत दोष नाही.

घोटाळा झाला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. चौथ्या दिवशी पेट्रात पोचायचं होतं, मागच्या बाजूने, डोंगरावरून. मुक्कामावर आलो तर पिकअप सुरू होईना. पाणी आणायला जायचं होतं. मेहुण्याने बॉनेट उघडलं, आणि लाडवाच्या डब्याकडे पोर ओढलं जावं तसे बडासाब तिकडे ओढले गेले. "डिझेलमध्ये हवा धरलीय," एवढं म्हणाले आणि गाडीखाली शिरले. खाली वाळू थंड, वरून तेल ठिबकतंय. मी बाहेरून पाने पुरवत होतो, आणि मला कळत होतं की आम्ही दोघंही चूक करतोय, पण फोर्थने बडासाबांना थांबवल्याचं जहाजावर कोणी ऐकलेलं नाही. काकू एका दगडावर बसून बघत होत्या.  तासाभराने गाडी सुरू झाली. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. बडासाब घसटत बाहेर आले, उठताना एका पायावर वळले, आणि गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. मला ते सहा फुटांवरून ऐकू आलं. त्यांनी गुडघ्याला उलटा हात लावून पाहिला आणि म्हणाले, "बंद करा."

सकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. तंबूबाहेर ते दगडावर बसले होते, पाय पुढे पसरून. बावीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस उजाडला होता, आणि हा माणूस पुन्हा एकदा यंत्रात शिरून बसला होता.  

वाटाड्याने सांगितलं की गाडी वळसा घालून पुढच्या फाटकापाशी नेता येईल, तिथून आत घोडागाडी जाते. बडासाब काकूंकडे न बघता म्हणाले, "आपण दोघं गाडीने जाऊ. बाकीचे येतील डोंगरावरून."

काकूंनी वाटाड्याला बायकोकडून विचारून घेतलं, वाट कशी आहे. तो म्हणाला, चिंचोळी आहे, एका बाजूला कडा, पण सांभाळून गेलं तर काही नाही. काकूंनी पुन्हा विचारलं, उतार किती? तो म्हणाला, वर मोठं मंदिर लागतं, तिथून खाली आठेकशे पायऱ्या.  काकूंनी वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधल्या.

"मी चालत जाणारे," त्या म्हणाल्या.

"मी नसताना?"

"तुम्ही खाली भेटा की."

बडासाबांनी मान हलवली. मग आपली काठी तिच्या हातात दिली. काकूंनी ती घेतली आणि ट्रामबाईच्या मागून चालू लागल्या. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही, आणि बडासाबांनी नजर काढली नाही.

त्यांच्याबरोबर थांबायला मी तयार झालो. मी ते मोठ्या त्यागाच्या चेहऱ्याने सांगितलं. बायकोने फक्त माझ्या टाचांकडे पाहिलं.

पेट्रात शिरायचा पुढचा रस्ता म्हणजे डोंगराला पडलेली चीर. दोन्ही बाजूंना उंचच उंच लाल भिंती, मधून घोडागाडी जेमतेम जाते. लोक माना वर करून बघत होते. बडासाब सबंध वाटभर चाकाकडे बघत होते. मला वाटलं ग्रीस नाही म्हणून. मग चीर संपली आणि समोर तो प्रसिद्ध कोरीव दर्शनी भाग आला, ज्याच्यासाठी जगभरातून माणसं येतात. मी म्हणालो, बडासाब, बघा. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

"ती आल्यावर," म्हणाले.

आता त्यांनी बघायचं नाही आणि मी शेजारी बसून टकामका बघायचं, हे बरं दिसेना. मीही बघितलं नाही. माझ्याकडे त्या जागेचा जो फोटो आहे त्यात प्रामुख्याने घोडा आहे.

पुढे घोडागाडी जात नव्हती. बडासाब गाढवावर बसले, मी मागून लंगडत. पायऱ्यांच्या पायथ्याशी एका चहाच्या टपरीत बसलो. अकरा वाजले होते. माणसं वरून येत होती आणि बडासाब प्रत्येकाच्या बुटांकडे बघत होते. एक वाजला. टपरीवाल्याने तिसरा चहा दिला. बडासाबांनी त्याला काही विचारलं नाही, त्याच्या स्टोव्हकडेसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "फोर्थ, मला वाटलं होतं ती थांबेल."

मी विचारलं, थांबल्या असत्या तर बरं वाटलं असतं का?

त्यांनी खरोखर विचार केला. यंत्राबद्दल करतात तसा.

"दहा मिनिटं," म्हणाले.

तीनच्या सुमाराला आधी ट्रामबाई दिसली, एकेक पायरी ब्रेक लावत उतरणारी. मग बायको, आणि तिच्या मागे काकू. केस सुटलेले, चेहरा लाल मातीने माखलेला, ओढणी कमरेला बांधलेली. बडासाब एका पायावर उभे राहिले. काकू आल्या, बाकावर बसल्या, त्यांच्या पुढ्यातला अर्धा चहा उचलून पिऊन टाकला.

"कसं आहे?" बडासाबांनी विचारलं.

"मोठं आहे," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमची पन्हळ आहे तिथे. सबंध कड्याने गेलीय. मी बोट घालून पाहिलं, आत गिलावा आहे अजून."

"गिलावा?" बडासाब म्हणाले, आणि पुढची पंधरा मिनिटं त्यांना दुसरं काही सुचलं नाही. जाडी किती, रंग कसा, तडे होते का. काकूंनी सगळं पाहून ठेवलं होतं. मग आम्ही परत निघालो. बडासाब गाढवावर, काकू शेजारून चालत, त्यांचा हात गाढवाच्या मानेवर. तो कोरीव दर्शनी भाग आला तेव्हा बडासाब थांबले, अजून खालीच बघत, आणि म्हणाले, "आता बघू का?"

"बघा," काकू म्हणाल्या.

दोघांनी बराच वेळ बघितलं. मग बडासाब म्हणाले, दगड चांगला आहे.

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ते दोघं दापोलीकडे राहायला गेले. आमच्या ब्लॉकची लिफ्ट पुन्हा कण्हायला लागली आहे. मी तक्रार केली नाही.

जॉर्डनहून परत आल्यावर दोनेक दिवसांनी मी बाल्कनीत बूट झटकत होतो आणि बायको कपडे वाळत घालत होती. मी म्हणालो, बावीस वर्षांपूर्वी ह्यांच्याशिवाय पाऊल न टाकणारी बाई ह्या खेपेला मागे वळून न बघता गेली, मला नाही कळलं.

"तेव्हाही त्या ह्यांच्यासाठी थांबल्या नव्हत्या," बायको म्हणाली. "त्या कड्यावर माझा दंड धरून उतरत होत्या तेव्हा सांगितलं. गहू उतरवला तसं जहाज वर आलं होतं आणि जहाजाची शिडी उभी झाली होती. चढताना वर बघत चढता येतं, उतरताना खाली बघावं लागतं. साडी नेसून दोन पायऱ्या उतरल्या आणि पाय लटपटायला लागले, म्हणून परत केबिनमध्ये जाऊन बसल्या. कॅप्टनच्या बायकोसमोर लाज वाटली, म्हणून म्हणाल्या, हे नाहीत तर मी नाही. मग ह्यांनाही तेच सांगितलं. दोन दिवसांनी खरं सांगणार होत्या, पण तोवर हा माणूस इतका चांगला वागायला लागला की सांगायची सोयच राहिली नाही."

मी बूट खाली ठेवले. म्हणालो, मग आता तरी सांगायला नको का त्यांना?

"आता काय सांगायचं," बायको म्हणाली. "आता तर त्या उतरल्या."